मालकी कागदावर, किल्ली कंपनीकडे

मोटारी आणि मोटारसायकली यांच्या हौशी मंडळींची एक बिरादरी महाराष्ट्राच्या लहानमोठ्या शहरांतून उभी राहिली आहे. ही मंडळी एकत्र जमली की इंजिनात कोणते तेल घालावे, किती किलोमीटरला बदलावे, साखळी कशी ताणावी, नवी गाडी पहिले हजार किलोमीटर कशी चालवावी, यांवर तासन् तास खल होतो. या चर्चेत दोन सिद्धान्त ठामपणे मांडले जातात. पहिला असा की, जो स्वतःच्या हाताने गाडीची निगा राखतो तोच तिचा खरा मालक. बाकीचे नुसते बसणारे. दुसरा असा की, शहाण्याने रस्त्याकडेच्या मेकॅनिकच्या हाती गाडी देऊ नये. ती कंपनीच्या अधिकृत केंद्रातच न्यावी. हे दोन्ही सिद्धान्त एकाच तोंडून, एकाच बैठकीत निघतात आणि त्यांतील विसंगती कोणाला खटकत नाही. गाडी उघडण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कंपनीपाशीच असेल, तर स्वतः निगा राखणाऱ्या मालकाची मालकी उरली कोठे?

पुरोगामी कार्यकर्त्यांच्या वर्तुळात याच विषयावर तिसरे मत ऐकू येते. खाजगी वाहन ही मध्यमवर्गाची चैन आहे, खरा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीचा आहे, तेव्हा गाड्यांच्या देखभालीची चर्चा हौशी लोकांना लखलाभ असो, असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. हे मत दिसायला तत्त्वनिष्ठ आहे. पण एक मोठा अन्याय त्याच्या आड झाकला जातो. विकत घेतलेल्या यंत्रावर विकणाऱ्याचा ताबा राहावा की घेणाऱ्याचा, आणि ते दुरुस्त करण्याचे ज्ञान समाजाचे की मूठभर कंपन्यांचे, हा प्रश्न हौसेचा नाही. तो मालकीचा आणि श्रमाचा प्रश्न आहे. म्हणजेच समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

चैन कोणाची, हत्यार कोणाचे?

देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. २०११ च्या जनगणनेत मोटार, जीप किंवा व्हॅन असलेली कुटुंबे शेकडा पाचांहून कमी होती; दुचाकी असलेली कुटुंबे मात्र शेकडा २१ होती. त्यानंतर दोन्हींत वाढ झाली. पण प्रमाणाचा हा विषमपणा संपलेला नाही. तेव्हा 'वाहनधारक' हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर वातानुकूलित मोटार आणणे म्हणजे वस्तुस्थितीकडे पाठ फिरवणे होय. पहाटे कॅन लटकवून निघणारा दूधवाला, गावोगाव कापड विकणारा फेरीवाला, एस.टी. ज्या वाडीवर पोचत नाही तेथे जाणारी आरोग्यसेविका, दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री परतणारा कंत्राटी कामगार आणि घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा तरुण, यांना मोटारसायकल चैनीसाठी लागत नाही. पाथरवटाला जशी छिन्नी, तशी त्यांना गाडी. ती एक दिवस बंद पडली तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

यंत्राविषयी समाजवादी विचाराची भूमिका कधीच आंधळ्या विरोधाची नव्हती. गांधीजींनीसुद्धा १९२४ साली यंत्रांसंबंधी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. ते यंत्र माणसाच्या हाताखाली राहते, त्याचे कष्ट हलके करते, असे त्यांचे म्हणणे होते. अशी यंत्रे बनवायला मोठा कारखाना लागेल, हा आक्षेप येताच असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखालचे असावेत, एवढे म्हणण्याइतके समाजवादी आपण आहोत, असे त्यांनी सांगितले. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पचमढी येथील अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला, त्यामागेही हेच सूत्र होते. यंत्र असे हवे की ते वापरणाऱ्याच्या आवाक्यात राहील आणि त्याला आपल्या चाकाला बांधून घेणार नाही. या कसोटीवर मोटारसायकल घासून पाहिली तर काय दिसते? एकेकाळी हे यंत्र त्या कसोटीस बऱ्याच अंशी उतरत होते. आज ते तसे उतरू नये अशी व्यवस्था करण्यात येत आहे.

जुन्या दिवसांची खरी किंमत

हौशी मंडळी जुन्या गाड्यांच्या आठवणींत रमतात. आकुर्डीची चेतक स्कूटर, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, म्हैसूरची येझदी, मद्रासची बुलेट अशी नावे निघाली की त्यांचे डोळे ओलावतात. या आठवणींना भुलून त्या काळाला सुवर्णयुग ठरवण्याचे कारण नाही. १९७२ साली आलेल्या चेतकसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे, काही काळ तर दहा दहा वर्षे, क्रमांकाची वाट पाहावी लागत होती. मुलीच्या लग्नासाठी नोंदवलेली स्कूटर नातवाच्या बारशाला मिळाली, असे विनोद तेव्हा होत आणि ते फारसे खोटे नसत. परवाना होता मूठभर कारखानदारांना, स्पर्धा नव्हती, मालात सुधारणा करण्याची निकड नव्हती. क्रमांक लागलेल्या स्कूटरी काळ्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जात. ही खाजगी मक्तेदारीच होती. तिच्या डोक्यावर सरकारने छत्री धरली होती एवढेच. तिला समाजवाद म्हणणे हा समाजवादाचा उपमर्द होय.

परंतु त्या काळात एक गोष्ट घडली, ती ध्यानात घेतली पाहिजे. गाडी मिळायला दुर्मीळ आणि टिकवणे भाग, यामुळे दुरुस्तीचे ज्ञान समाजात खोलवर झिरपले. चेतक चालू होईना तर ती एका बाजूला कलती करून पुन्हा लाथ मारावी, प्लग काढून पॉलिश पेपरने घासावा, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ करावे, हे कारकुनापासून शिक्षकापर्यंत साऱ्यांना ठाऊक होते. मुंबईतील टॅक्सीचालक पद्मिनीचे पॉइंट स्वतः जुळवीत. गाडीबरोबर आलेली हत्यारांची पिशवी शोभेसाठी नसे. जे मालकाला जमत नसे ते नाक्यावरच्या मेकॅनिकला जमे आणि जो भाग बाजारात नसे तो लेथवर कातून मिळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत पत्र्याविषयीचे प्रेम होते. त्या पत्र्याला इतकी वर्षे चालते ठेवणाऱ्या हातांची आठवण फार थोड्यांना झाली.

त्या हातांचे जीवनही सोन्याचे नव्हते. गॅरेजमध्ये शिकणारा पोरगा बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सोडून यायचा. पाने पुसणे, चहा आणणे, शिव्या खाणे हीच त्याची पहिली काही वर्षे. पगार नाममात्र, सुट्टी नाही, विमा नाही. डोळ्यांत लोखंडाचा कीस गेला किंवा जॅक घसरून हात चिरडला तर उपचार स्वतःच्या खर्चाने. उस्तादाच्या हाताखाली विद्या मिळत होती, पण ती बालपणाच्या मोबदल्यात. दलित, मुसलमान आणि कारागीर जातींतील किती मुलांनी हे मोल दिले याची नोंद कोठे नाही. तेव्हा जुने दिवस परत आणा, ही मागणी समाजवादी करू शकत नाहीत. त्या दिवसांतले ज्ञान टिकवून त्यातला अन्याय काढून टाकणे, ही त्यांची मागणी असू शकते.

निगा हा केवळ स्वभावगुण नव्हे

हौशी मंडळींच्या पहिल्या सिद्धान्ताला साहित्याचेही पाठबळ आहे. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे मोटारसायकलच्या देखभालीवरून जीवनाचे तत्त्वज्ञान सांगणारे पुस्तक १९७४ साली निघाले आणि जगभर गाजले. यंत्राशी एकरूप होऊन, मन लावून काम करणे ही साधना आहे, असा त्याचा गाभा आहे आणि त्यात तथ्यही आहे. मन लावून काम करण्याला समाजवाद्यांनी कधी कमी लेखलेले नाही; मनाविरुद्ध आणि परक्याच्या नफ्यासाठी करावे लागणारे काम माणसाला खचवते, हेच तर ते सांगत आले. पण त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. रेडिओ मोठ्याने लावून काम करणारे दुकानातले कारागीर निष्काळजीपणे मोटारसायकलची नासधूस करतात आणि निवेदक त्यांच्या वृत्तीवर चिंतन करतो. त्यांना मजुरी किती मिळत होती, दिवसाला किती गाड्या उरकण्याचा दट्ट्या होता, काम चांगले केल्याने त्यांच्या पदरात काय पडणार होते, हे प्रश्न मात्र तेथे येत नाहीत.

हौशी वाहनधारकांच्या विचारात नेमकी हीच उणीव आहे. गाडी नीट राहिली तर ती मालकाच्या सद्गुणामुळे, बिघडली तर मेकॅनिकच्या दुर्गुणामुळे, असा त्यांचा हिशेब असतो. अधिकृत केंद्रातील पांढरी फरशी आणि संगणकावर छापलेले जॉबकार्ड पाहून ते निश्चिंत होतात. पण आतल्या बाजूला काम करतो तोही मेकॅनिकच. त्याला ठरावीक मिनिटांत गाडी उरकायची असते, सुटे भाग विकण्याचे उद्दिष्ट गाठायचे असते. तो अनेकदा कंत्राटी असतो आणि ज्या ग्राहकाची गाडी तो दुरुस्त करतो त्याच्याशी बोलण्याचीही त्याला मुभा नसते. जो भाग नाक्यावर दुरुस्त झाला असता तो तेथे सरसकट बदलला जातो, कारण नफा दुरुस्तीत नाही, बदलण्यात आहे. निष्काळजीपणा आणि लबाडी रस्त्याकडेलाही आढळते, हे खरे. तिच्यावरचा उपाय प्रशिक्षण, योग्य मजुरी आणि जबाबदारी हा आहे. एका लबाडीला भिऊन दुसऱ्या, अधिक संघटित लबाडीच्या स्वाधीन होणे हा उपाय नव्हे.

कुलूप कोणी लावले?

गाड्या आता गुंतागुंतीच्या झाल्या, कार्बोरेटर गेला, संगणक आला, तेव्हा नाक्यावरचा मेकॅनिक मागे पडणारच, असे सांगितले जाते. यात अर्धे सत्य आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि दुचाकींमध्येही इंधनफवारणी, संवेदक आणि त्यांवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सरसकट आली. शहरांतील विषारी हवा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त शिरते ती रस्त्यावर पोट भरणाऱ्यांच्या फुप्फुसांत. त्यामुळे स्वच्छ इंजिनाला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. जुना धूर बरा होता असे म्हणणारा हौशी माणूस कष्टकऱ्यांचा मित्र नाही.

परंतु संवेदक बसवणे वेगळे आणि त्याची भाषा गुप्त ठेवणे वेगळे. गाडीच्या तक्त्यावर पिवळा दिवा लागला, तर बिघाड कोठे आहे हे यंत्र स्वतः जाणते. ते वाचण्याचे साधन, त्याचा अर्थ लावण्याची माहिती आणि दुरुस्तीनंतर नवा भाग यंत्राला ओळखीचा करून देण्याची परवानगी या तीन गोष्टी कंपनी आपल्या मुठीत ठेवते. हवा शुद्ध राखण्यासाठी या मुठीची गरज नाही. नफा राखण्यासाठी आहे. कुलूप तंत्रज्ञानाने लावले असे भासवले जाते. प्रत्यक्षात ते करारपत्रांनी लावलेले आहे.

हा केवळ समाजवाद्यांचा आरोप नाही. एका मोटारमालकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुरुवातीस ती तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीचा व्याप वाढत गेला आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आयोगाला काय आढळले? अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू नयेत अशी व्यवस्था कंपन्यांनी करून ठेवली होती. एकदा गाडी घेतली की तिच्या भागांच्या बाजारात ग्राहकाला दुसरा दरवाजाच नव्हता आणि काही भाग खरेदीच्या कित्येक पट किमतीने विकले जात होते. हे भाग म्हणजे आमची बौद्धिक संपदा आहे, तसेच अडाणी मेकॅनिकच्या हाती ते गेले तर ग्राहकाच्या जीवाला धोका आहे, असे दोन बचाव कंपन्यांनी मांडले. आयोगाने ते स्वीकारले नाहीत. भाग व साधने खुल्या बाजारात मिळावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये, असेही त्याने बजावले.

पुढे जे झाले ते या देशात नेहमी होते. कंपन्या न्यायालयांत गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचे निष्कर्ष कायम ठेवले, पण दंड मोठ्या प्रमाणात घटवला. आदेशाला दहा वर्षे उलटल्यावरही नाक्यावरच्या गॅरेजात त्याचा मागमूस दिसत नाही. 'बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल' ही धमकी ग्राहक तशीच ऐकतो आणि आयोगाने तिला मज्जाव केला होता हे त्याला कोणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. डिसेंबरात संकेतस्थळ काढले. कंपन्यांनी स्वेच्छेने माहिती द्यावी, असा त्याचा बाज आहे. गिरणीमालकाने स्वेच्छेने आठ तासांचा दिवस दिला होता काय, एवढेच यावर विचारावेसे वाटते.

विकूनही न विकलेली वस्तू

ही लढाई अन्य देशांत पुढे गेली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदानाने वाहनदुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने पाठिंबा दिला. कंपन्यांनी मग माहिती गाडीतून थेट स्वतःच्या केंद्राकडे बिनतारी पाठवायला सुरुवात केली. तेव्हा २०२० साली मतदारांनी तीन चतुर्थांश मतांनी ती वाटही बंद करण्याचा कौल दिला आणि कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने दिला, कारण ऐन सुगीत ट्रॅक्टर बंद पडला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक उभे राहत नाही. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात शेतकरी आणि गॅरेजवाले हे मिळवू शकतात, तर विदर्भ-मराठवाड्यातील ट्रॅक्टरधारक शेतकऱ्याने ते मागू नये असे काय आहे?

या प्रवृत्तीचे पुढचे पाऊलही दिसले आहे. एका जर्मन मोटार कंपनीने २०२२ साली काही देशांत गाडीची बैठक ऊबदार करण्याच्या सोयीसाठी दरमहा भाडे आकारण्याचा घाट घातला होता. ऊब देणारी तार बैठकीत आधीच बसवलेली, तिची किंमत आधीच वसूल झालेली. तरीही ती चालू करण्याची परवानगी भाड्याने! गिऱ्हाइकांच्या संतापामुळे ती योजना मागे घ्यावी लागली. पण तिच्यामागचा विचार मागे गेलेला नाही. जमीनदार जमीन कसत नव्हता, तरी खंड घेत होता. नवा जमीनदार वस्तू विकतो, पूर्ण किंमत घेतो आणि वर तिच्यातील आज्ञावलीचा खंड मागतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांत बॅटरी, मोटर आणि आज्ञावली ही तिन्ही बंद पेटीत येतात, तेव्हा हा धोका शतपट वाढतो. जी चेतक पॉलिश पेपरच्या तुकड्याने चालू होत होती तिचेच नाव घेऊन २०२० साली विजेवरची स्कूटर रस्त्यावर आली. काळाचा बदल त्या एका नावात सामावला आहे. विजेची वाहने आली पाहिजेत. मात्र ती कोणाच्या किल्लीने उघडतील हे आजच ठरवले नाही, तर कुळकायद्याइतकी मोठी लढाई उद्या पुन्हा लढावी लागेल.

सरकारचे धोरणही दुरुस्तीला प्रतिकूल राहिले आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये आणि मोटारसायकलीचे ३०० वरून १,००० रुपये करण्यात आले. जुनी गाडी भंगारात जावी आणि नवी खपावी, हा त्यामागचा उघड हेतू. गाडी धूर किती ओकते, तिचे ब्रेक लागतात की नाही, ही तपासणी कडक व्हायलाच हवी. पण जपलेल्या गाडीला आणि खिळखिळ्या गाडीला केवळ जन्मतारीख पाहून एकाच मापाने मोजणे यात विज्ञान नाही, कारखानदाराची सोय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर घटवण्यात आला तोवर बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. दूधवाल्याच्या गाडीच्या ब्रेक लायनरवर, वर्षानुवर्षे, चैनीच्या वस्तूच्या दराने कर! ज्याला हे परवडत नव्हते तो झिजलेल्या ब्रेकवरच गाडी रेटत होता.

एस.टी.च्या कार्यशाळा आणि नाक्यावरचे गॅरेज

हा सारा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीपासून वेगळा आहे असे मानणाऱ्यांनी एस.टी.चा इतिहास पाहावा. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली बस सुटली. त्यानंतरच्या दशकांत महामंडळाने गाड्यांबरोबर गाड्या घडवण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्याही उभी केली. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत नुसत्या सांगाड्यावर पूर्ण बस बांधून तयार होत असे. आगारा-आगारांत यांत्रिक कामगार रात्रपाळीत गाडी सज्ज करून पहाटेच्या फेरीला देत. त्या कामगाराला कायम नोकरी होती, संघटना होती आणि त्याच्या हातातील कौशल्याची मालकी जनतेकडे होती. नाक्यावरच्या गॅरेजातील पोराला जे मिळाले नाही ते येथे मिळू शकते, याचे हे जिवंत उदाहरण होते.

आज तीच विद्या भाड्याच्या करारांनी पोखरली जात आहे. महामंडळाने ५,१५० विजेवरील बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे २०२३ साली ठरवले. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, देखभाल कंत्राटदाराची. महामंडळाने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. मुंबईत बेस्टनेही हाच मार्ग धरला आणि तिच्या स्वतःच्या गाड्यांची संख्या घटत गेली. परिणाम काय झाला? ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनवाढीसाठी संप केला तेव्हा मुंबईकर थांब्यांवर ताटकळले आणि त्यांची सार्वजनिक संस्था हतबल होऊन पाहत राहिली. संप करणाऱ्यांचा दोष नव्हता. ज्यांनी गाडी, चालक आणि पाना हे तिन्ही परक्याच्या हाती दिले त्यांचा दोष होता. मोटारसायकलवाल्याला कंपनीच्या केंद्राशी बांधणारी दोरी आणि एस.टी.ला कंत्राटदाराशी बांधणारी दोरी एकाच काथ्याची वळलेली आहे. ज्या संस्थेला आपले यंत्र दुरुस्त करता येत नाही ती संस्था, आणि ज्या माणसाला आपले यंत्र दुरुस्त करता येत नाही तो माणूस, दोघेही नावाचेच मालक उरतात.

हौशी मंडळींनी कोठे उभे राहावे?

हौशी वाहनधारक हा काही चळवळीचा शत्रू नाही. यंत्राविषयीची त्याची आस्था खरी आहे आणि त्याच्यापाशी साठलेले ज्ञान चळवळीच्या कामाचे आहे. मात्र त्याने दोन गोष्टींत भेद करायला शिकले पाहिजे. सायलेन्सर फोडून गल्लीतील आजाऱ्यांची झोप उडवणे, पत्र्याला वाटेल ती शिंगे लावणे, हा हक्क नव्हे; मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा मनमानी बदलांना मनाई करते ते योग्यच आहे. दुरुस्तीचा हक्क म्हणजे यंत्र जसे सुरक्षित घडवले होते तसे पुन्हा करण्याचा हक्क. आवाजाच्या स्वातंत्र्यासाठी जो वर्ग मुठी आवळतो, त्याने ब्रेकच्या किमतीसाठी आणि मेकॅनिकच्या विम्यासाठी निदान हात तरी वर करावा. अन्यथा त्याची निगा म्हणजे स्वतःच्या अंगणापुरती स्वच्छता ठरेल.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. वाहनाचे सुटे भाग, बिघाड शोधण्याची साधने आणि दुरुस्तीची पुस्तिका प्रत्येक मेकॅनिकला वाजवी किमतीत आणि मराठीतून मिळणे बंधनकारक करणारा कायदा हवा. स्वेच्छेचे संकेतस्थळ पुरे नाही. बाहेरच्या दुरुस्तीमुळे हमी रद्द करण्याच्या धमकीला दंड हवा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची दारे संध्याकाळी गॅरेजवाल्यांसाठी उघडावीत. शाळेचा दाखला नसला तरी हातातील कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि महागडी तपासणी-यंत्रे त्यांच्या सहकारी संस्थांना कर्जाने मिळावीत. गॅरेज कामगारांसाठी कल्याण मंडळ हवे. १९६९ साली याच राज्याने माथाडी कायदा केला. ज्यांना कोणी कामगार मानत नव्हते त्या हमालांना त्याने हजेरी, भविष्यनिर्वाह निधी आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. पुण्यात हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत उभ्या राहिल्या त्या विखुरलेल्या माणसांतूनच. गॅरेजमधला पोरगा मात्र आधी शाळेत गेला पाहिजे. अठरा वर्षांखालील हातांत पाना देऊन कोणतीही विद्या वाचवायची नाही. आणि एस.टी. किंवा बेस्ट यांनी विजेची गाडी घेताना तिच्या दुरुस्तीचे ज्ञान आपल्या कार्यशाळेत आल्याखेरीज कोणत्याही करारावर सही करता कामा नये.

या मागण्यांची सुरुवात मंत्रालयाच्या पायरीवर होणार नाही. ती प्रत्येक तालुक्याच्या गावात, एस.टी. आगाराच्या फाटकाबाहेर ओळीने असलेल्या गॅरेजांत होईल. आगाराच्या आत यांत्रिक कामगार आहे, बाहेर मेकॅनिक आहे आणि दोघांच्या हातांना एकाच तेलाचा वास आहे. पण आजवर ते एका सभेला बसलेले नाहीत. तालुका शाखांनी या दोघांची पहिली संयुक्त सभा येत्या महिन्यात घ्यावी. दूधवाला आणि ट्रॅक्टरवाला शेतकरी यांनाही तिला बोलवावे. गाडीचा हौशी मालक आपणहून आला तर त्याला पुढची नव्हे, पण मानाची जागा द्यावी. कारण कागदावरची मालकी खरी करून घ्यायची असेल तर किल्ली मिळवणाऱ्यांच्या रांगेत त्यालाही उभे राहावे लागणार आहे.